ऑक्सच्या नावाखाली एफएम: जुन्या गाडीच्या टेपबाबत बेळगावात झालेली फसवणूक

जुन्या गाडीच्या कंपनीच्या टेपला ऑक्स, म्हणजे मोबाईलचा आवाज वायरीने थेट टेपमध्ये नेणारी जोडणी, करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे साडेचार हजार गेले. पण त्याहून जास्त संताप याचा आहे, की आप्पांच्या वयाच्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं गेलं.

गाडी पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टाव्हिया, टेप कंपनीचा, कॅसेटवाला. आप्पा भजनाच्या कॅसेटी अजून त्यावरच ऐकतात, त्यामुळे टेप बदलायचा नव्हता. मोबाईलवरची कीर्तनंही त्यातून ऐकू यावीत, एवढंच हवं होतं. या टेपच्या मागे सीडी चेंजरसाठी, म्हणजे बऱ्याच सीडी आत ठेवून वाजवणाऱ्या वेगळ्या खोक्यासाठी, निळ्या रंगाचा आठ पिनांचा भाग असतो. डावा-उजवा आवाज तिथूनच आत जातो. मात्र नुसत्या वायरी जोडून भागत नाही. समोर चेंजर आहे असं उत्तर मिळाल्याशिवाय टेप ती वाट उघडत नाही, म्हणून चेंजरचं सोंग घेणारा छोटा अडॅप्टर मधे लावावा लागतो. हे सगळं आधी समजून घेऊनच आम्ही बेळगावातल्या दुकानात गेलो आणि नेमकं तेच मागितलं. “चेंजरच्या पिनेतच देतो की काका, एकदम डायरेक्ट लाइन,” असं म्हणून दुकानदाराने पैसे आधीच घेतले.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो, तर टेपवर ‘सेफ’ अशी अक्षरं. “लॉक झालाय. कोड काढायला हुबळीला पाठवायला लागतोय, अठराशे होतील.” यात बिघाड काहीच नसतो. वायर काढून वीज तुटली, की चोरीपासून बचाव म्हणून हा टेप चार आकडी कोड मागतो. आप्पांनी गाडीच्या पुस्तिकेत तो कोड जपून ठेवला होता. त्यांनी स्वतः आकडे टाकले आणि टेप सुरू झाला. दुकानदार गप्प बसला. कोड जवळ नसलेल्या किती जणांकडून हे अठराशे उकळले असतील, याचा विचार अजून मनातून जात नाही. कोड हरवला असेल, तर गाडीची कागदपत्रं घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. अंदाजाने आकडे टाकू नका, दोनदा चुकले की टेप सुमारे तासभर अडून बसतो.

“रेडिओवर ८८.७ ठेवा, तोच ऑक्सचा नंबर,” असं सांगून त्याने गाणं वाजवून दाखवलं. बेळगावात ठीक चाललं. पुढे कोल्हापूरला जाताना तवंदी घाट उतरलो आणि कीर्तनात खरखर सुरू झाली. निपाणी मागे पडल्यावर तर अभंगाच्या मधेच जाहिराती बोलायला लागल्या.

परतताना निपाणीतल्या ओळखीच्या वायरमनने टेप बाहेर काढला. निळा भाग रिकामाच! एरियलच्या वायरीत, काळ्या टेपपट्टीत गुंडाळलेला एक एफएम मॉड्युलेटर. काही शे रुपयांची वस्तू. तो मोबाईलच्या आवाजाचे बारीक रेडिओ सिग्नल करून एरियलच्या वाटेने आत सोडतो, आणि टेपला वाटतं स्टेशन लागलंय. जवळपासच्या आकड्यावर खरं जोरदार स्टेशन आलं, की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मॉड्युलेटर लावणं हा गुन्हा नाही. ज्या टेपला चेंजरची सोयच नाही, तिथे तो कामाला येतो. पण मग तसं सांगून, त्याच्याच किमतीत लावावा.

म्हणून दुकानातच बघून घ्या: मोबाईलचं गाणं चालू असताना टेपवर रेडिओचा आकडा दिसत असेल आणि तो बदलल्यावर गाणं जात असेल, तर ते ऑक्स नव्हे. खरी जोडणी सीडीचं बटण दाबल्यावर बोलते. अडॅप्टरचं खोकं आधी बघायला मागा, डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वी टेपच्या मागचा फोटो घ्या, आणि बिलावर ‘ऑक्स फिटिंग’ एवढंच न लिहिता वस्तूचं नाव लिहून घ्या.

आम्ही परत गेलो तेव्हा उत्तर मिळालं, “गाणं वाजतंय न्हवं? मग झालं की.” पैसे नाहीत, पक्कं बिलही नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, हे मुद्दाम सांगतो, कारण कन्नड लिहिता येत नाही म्हणून आपल्याकडची बरीच माणसं तक्रारच करत नाहीत. चंदगड, गडहिंग्लजहून लोक गाडीच्या कामाला बेळगावात येतात. त्यांनी तर इथे खेटे घालायचीही गरज नाही. राहत्या जिल्ह्याच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, ग्राहक आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमची तक्रार बेळगावच्या आयोगात दाखल आहे. सोबत पैसे पाठवल्याची मोबाईलवरची नोंद, दुकानदाराच्या हातची कच्ची चिठ्ठी आणि रिकाम्या निळ्या भागाचे फोटो जोडले आहेत.