सीएसआर निधीच्या नावाखाली देवस्थानाची फसवणूक: आमच्यासोबत काय घडलं

जुनं देऊळ, वाडा किंवा पोथ्या जतन करण्यासाठी पैसे शोधणाऱ्या छोट्या ट्रस्टांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानाची मी सचिव. देवळाच्या सभामंडपात पेशवाईच्या उत्तरार्धातली भित्तिचित्रं आहेत. दशावतार, गजेंद्रमोक्ष, एका बाजूला कृष्णलीला. छपरातून पाणी मुरतं, भिंतीत क्षार फुलतात आणि रंगाचे पापुद्रे सुटून फरशीवर पडतात. खालच्या पट्ट्यावर कुणीतरी मागे ऑइलपेंट मारला आहे, त्याखाली काय उरलंय ते अजून कळलेलं नाही.

देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत नाही आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्याही नाही, त्यामुळे संरक्षित स्मारकांसाठीचा सरकारी पैसा आमच्याकडे येत नाही. भित्तिचित्रांचं काम करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी पाहणी करून खर्चाचा अंदाज दिला होता ३८ लाखांचा. उत्सवाच्या वर्गणीतून तो उभा राहणं शक्य नव्हतं. अशी अडलेली ठिकाणं हेरूनच ही माणसं येतात.

हा गृहस्थ शेजारच्या तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या ओळखीने आला. कार्डावर ‘सीएसआर सल्लागार’. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च. कायदा त्याला तोंडपाठ होता. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. हे सगळं खरं आहे. त्याने सांगितलेल्या कायद्यात एकही चूक नव्हती, आणि आमच्या विश्वस्त मंडळाचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

आधी ‘फाइल चार्ज’ म्हणून २५,००० घेतले. मग प्रकल्प अहवालाचे ३५,०००. जो अहवाल आला त्यात आमच्या देवळाचं नाव सोडलं तर बाकी मजकूर कुठल्याही इमारतीला लागू पडला असता. दोन ठिकाणी ‘शाळेची इमारत’ असंही राहून गेलं होतं. मग सीएसआर-१ चा फॉर्म. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा असा निधी घेणाऱ्या संस्थेला ही नोंदणी लागते, तेही खरं. त्यासाठी अध्यक्षांची डिजिटल सही काढली आणि तिचा पेनड्राइव्हसारखा टोकन ‘पुढच्या कामाला लागेल’ म्हणून त्याने स्वतःकडेच ठेवला. सोबत पॅन, १२ए आणि ८०जी ही करसवलतीच्या नोंदणीची कागदपत्रं, ट्रस्टचं कोरं लेटरहेड.

मग मंजुरीपत्र आलं. मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, गोल शिक्का, रक्कम ५० लाख. मागितले ३८, मिळणार ५०! गावात पेढे वाटले गेले. करारापूर्वी २ टक्के अनामत, म्हणजे १ लाख, भरायची होती. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, त्यांनी ती उत्सवाच्या ठेवीतून काढून दिली. ‘कमी पडत असतील तर उसने घ्या, आठवड्यात परत जातील’ असं तो वर म्हणाला होता. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय असे उसने पैसे घेता येत नाहीत, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६अ तेच सांगतं.

शेवटचा डाव याहून वाईट होता. ५० लाख जमा झाले की ४० टक्के रोख परत द्यायचे, बिलं तो ‘अॅडजस्ट’ करणार. अण्णांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. त्या खोट्या बिलांवर सह्या विश्वस्तांच्या असत्या, करसवलतीची नोंदणी गेली असती आणि गुन्हाही आमच्यावरच दाखल झाला असता. नकार ऐकल्यावर त्याचा आवाज चढला, आणि नंतर फोन बंद.

कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन मुख्य कार्यालयात फोन केला. असं पत्र त्यांनी दिलेलंच नव्हतं. ज्या ईमेलवरून ते आलं, त्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. हा माणूस सभामंडपात उभा राहिला, पण भिंतीकडे त्याने पाहिलं नाही. ओल कुठून येते, चित्रं कुणी तपासली, काम कोण करणार, यातलं काही विचारलं नाही. खरे देणगीदार आम्हाला नंतर भेटले आणि त्यांनी प्रश्नांनी भंडावून सोडलं. जागा कुणाच्या नावे? धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा परिशिष्ट १ चा उतारा आहे का? छप्पर दुरुस्त झाल्याशिवाय चित्रांना हात का लावायचा? काम झाल्यावर दहा वर्षं देखभाल कोण करणार? पैशाचं आश्वासन त्यांनी दिलं नाही, पण आमच्याकडून एक रुपयाही मागितला नाही.

मोठी उदाहरणं पाहिली तरी हेच दिसतं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या २००३ च्या त्रिपक्षीय करारातून पुढे गेला आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तिथे कोण काय करणार हे कागदावर होतं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे, त्याला दिलेल्या देणगीवर शंभर टक्के करवजावट मिळते. कुठल्या कंपनीने वारशावर किती खर्च केला ते राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. कंपनीला आपल्या सीएसआर समितीची आणि मंजूर प्रकल्पांची माहिती स्वतःच्या वेबसाइटवर द्यावीच लागते. एवढं बघायला दलाल लागत नाही.

परदेशी फाउंडेशनचा पैसा ट्रस्टच्या साध्या खात्यात आणून देतो म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही कळवलं तोवर आमची रक्कम पुढे गेली होती. डिजिटल सही रद्द करून घेतली, सीएला आणि धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवलं.

तरी आमचं लेटरहेड त्याच्याकडे आहे. आमच्या गजेंद्रमोक्षाचा फोटो छापलेलं देणगीचं पत्रक पुण्यात एकाला मिळालं, ते आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिलं. तसं पत्रक तुमच्या हाती पडलं तर पैसे देऊ नका, पाकिटासकट जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या. आमच्या देवस्थानाने देणगी गोळा करायला कुणालाही नेमलेलं नाही.