दुसरं सिझर, आणि यावेळी दुखण्याचा बंदोबस्त झाला (पिंपरी-चिंचवडमधल्या मॅटर्निटी हॉस्पिटलचा रिव्ह्यू)

स्टार ४/५. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. तसंही रूम कशी, एसी चालतो का, कॅन्टीनचा उपमा कसा, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, डॉक्टर मॅडम किती गोड बोलतात हे पण असतं, पण सिझरनंतर पोट दुखतं तेव्हा तिथले लोक काय करतात हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी फक्त तेवढ्यावरच लिहिते.

माझं पहिलं सिझर माहेरी तालुक्याच्या गावात झालं होतं, छोटं नर्सिंग होम, डॉक्टर हाताला चांगले, टाके सुंदर घातलेले, त्याबद्दल एक शब्द नाही. पण पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनचा असर दोन-तीन तासांत उतरला, पायाला मुंग्या आल्या, बोटं हलायला लागली आणि मग जे सुरू झालं ते रात्रभर. सिस्टरला बोलवलं तर "ताई पोट कापलंय, दुखणारच ना". परत बोलवलं तर "डॉक्टरांनी एसओएस लिहिलंय". म्हणजे काय तर पेशंटने मागितलं तर द्यायचं, आणि पेशंटला कुणी सांगितलेलंच नाही की मागायचं असतं! शेवटी आईने आवाज चढवला तेव्हा एक इंजेक्शन मिळालं, ट्रामाडॉल, त्याने मला उलट्या सुरू झाल्या. ताज्या टाक्यांवर उलटी काय असते हे ज्यांना झालंय त्यांनाच कळेल, मी लिहीत बसत नाही. बाळाला जवळ घ्यायची पण इच्छा होत नव्हती आणि सगळे म्हणत होते दूध कसं येत नाही अजून.

तर यावेळी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं, पॅकेज किती, रूम कुठली ते तू बघ, मी एकच गोष्ट विचारणार, की ऑपरेशननंतर दुखायचं औषध घड्याळाप्रमाणे देता का मागितल्यावर. दोन ठिकाणी मॅडम हसल्या. एका ठिकाणी "आमच्याकडे पेनलेस असतं सगळं" असं उत्तर मिळालं, ते तर मला अजिबातच पटलं नाही. इथे मात्र मॅडमनी सरळ सांगितलं की हे भूलतज्ञांना विचारा, त्यांची अपॉइंटमेंट लावून देते. इथेच मी ठरवलं. नाहीतर आपल्याकडे भूलवाले डॉक्टर पहिल्यांदा दिसतात ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच, तोंडाला मास्क, "वाका, अजून वाका, हलू नका" एवढंच काय ते बोलणं.

भूलतज्ञ सरांनी सात-आठ महिन्यांचं पोट घेऊन आलेल्या बाईला निवांत बसवून सांगितलं. पहिली गोष्ट, पाठीत जे इंजेक्शन देतात त्यात बधिर करणारं औषध असतं त्याचा असर काही तासांत जातो, पण त्यातच अगदी थोडं मॉर्फिन घातलं तर पुढचे बारा ते चोवीस तास दुखणं बरंच दाबून राहतं. थोडं म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. मॉर्फिन म्हटल्यावर माझ्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्यांच्या डोक्यात ते कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजचं औषध. सर म्हणाले "आजी, एवढूशा डोसने सवय लागत नाही, पण खाज येईल नाकाला आणि मळमळेल कदाचित, आणि पहिले चोवीस तास सिस्टर श्वास मोजायला येत राहील तेव्हा झोपमोड झाली म्हणून चिडायचं नाही". तिन्ही गोष्टी झाल्या. नाक तर मी इतकं खाजवलं की फोटोत लाल दिसतंय.

मी विचारलं मग हे सगळीकडे का नाही देत, तर त्यांनी सांगितलं की मॉर्फिन ठेवायला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवानगी आणि रजिस्टर लागतं, २०१४ ला कायदा सोपा केला तरी छोटी नर्सिंग होम त्या भानगडीत पडत नाहीत, शिवाय रात्रभर पेशंटवर लक्ष ठेवायला माणूस लागतो तो नसतो. ज्यांना मॉर्फिन देता येत नाही त्यांना पोटाच्या दोन्ही बाजूंना सोनोग्राफीत बघून बधिर करायचं इंजेक्शन देतात, टॅप ब्लॉक म्हणतात त्याला, किंवा टाक्यांच्या जागीच बधिर करायचं औषध सोडतात. पण सोनोग्राफी मशीन म्हटलं की पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याची नोंदणी आली, भूलतज्ञाने गाडीत मशीन टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचं असं चालत नाही. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्यांसाठी केलेला कायदा, बरोबरच आहे तो, पण त्याची झळ बाळंतिणीच्या टाक्यांपर्यंत येते हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती म्हणजे साध्या औषधांची. मॉर्फिन वगैरे ठीक आहे पण खरं काम करतात ती दोन स्वस्तातली औषधं, पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, दोन्ही ठरलेल्या वेळेला, दुखो वा न दुखो. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, आधी सलाईनमधून मग तोंडाने. डायक्लोफिनॅकची सपोझिटरी, म्हणजे मागच्या बाजूने ठेवायची गोळी, ओटीतच लावली, तेव्हा कंबरेखाली सगळं बधिरच असतं त्यामुळे लाजायचंही कारण नाही आणि कळतही नाही. दुखणं पूर्ण चढल्यावर औषध देणं म्हणजे भात करपल्यावर पाणी ओतणं, हे माझं वाक्य, सरांचं नाही.

हे डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन सगळ्यांना चालतं असं नाही हं. किडनीचा त्रास, अल्सर, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, किंवा डायक्लोफिनॅकने दमा उसळणारे, यांना ते देत नाहीत. माझ्या नणंदेला दमा आहे, तिला तर गोळीचं नाव घेतलं तरी विचारून घ्यावं लागतं. म्हणून आपली हिस्टरी आधीच सांगा, ओटीच्या दारात नाही.

आता प्रत्यक्ष काय झालं. ऑपरेशन सकाळी. दुपारी पाय हलायला लागले तेव्हा मी श्वास रोखून वाट बघत होते की आता सुरू होईल, आता सुरू होईल, आणि झालं फक्त एक जड, ओढल्यासारखं. सिस्टर दर थोड्या वेळाने यायची आणि शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारायची, पडून असताना किती आणि कूस बदलताना किती हे वेगळं वेगळं विचारायची हे मला फार आवडलं, कारण सिझरमध्ये पडून असताना सगळ्याच बऱ्या असतात, खोकला आला की स्वर्ग दिसतो. पडून दोन, हलल्यावर चार-पाच. कागदावर सहा-सहा तासांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, एसओएस हा शब्दच नव्हता, आणि खाली वेगळं लिहिलेलं की एवढ्याने भागलं नाही तर काय द्यायचं.

उशी पण दिली! पहिल्या वेळी चोवीस तास उशीशिवाय आडवं ठेवलं होतं, डोकं दुखेल म्हणून. सर म्हणाले डोकं दुखणं सुईवर अवलंबून, बारीक सुई वापरली की धोका कमी, उशी काढून काही उपयोग होत नाही. आणि पाठीत इंजेक्शन घेतलं की आयुष्यभर पाठ दुखते हे जे आपल्याकडे प्रत्येक मावशी सांगते त्यावर ते फक्त हसले आणि म्हणाले बाळाला पाजताना ताठ बसा.

संध्याकाळी उठवून बसवलं, रात्री मी चालत बाथरूमपर्यंत गेले. वाकून, भिंतीला धरून, पण गेले. उठायचं कसं हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलं, आधी कुशीवर वळायचं, पाय कडेला सोडायचे, कोपरावर जोर देऊन उठायचं, सरळ पोटावर जोर घेऊन उठायचं नाहीच. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. एवढीच गोष्ट, फुकटातली, पहिल्या वेळी कुणी सांगितली नव्हती. आणि दुखणं आटोक्यात असलं तरच बाई चालते, चालली तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती कमी, पोटातला गॅस पण सरकतो. गॅसचं मात्र कुणाकडेच औषध नाही असं माझं मत झालंय. खांद्यात चमक येत होती, मला वाटलं हार्टचं काहीतरी, तर ती पण ऑपरेशनमुळेच, पोटात हवा राहते तिने होतं म्हणे. आईने ओव्याचं पाणी दिलं, सिस्टरने चालायला लावलं, कशाने गेलं देव जाणे.

दूध पाजताना गर्भाशय आवळतं तेव्हाची कळ वेगळी, आणि दुसऱ्या बाळंतपणाला ती जास्त असते हे मला माहीत नव्हतं. तिथे पण आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकवालीच गोळी कामाला येते.

नातेवाईक मंडळींचा वेगळा चॅप्टर. "गोळ्या दुधात उतरतात, नको घेऊस, बाळाला बाधेल." मामी, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या एकच. बालरोगतज्ञ मॅडमनी राऊंडला सगळ्यांसमोर सांगितलं ते बरं झालं, की पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुधात अगदी नगण्य जातात, बिनधास्त घ्या. कोडीन आणि ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या औषधांचं वेगळं, काही बायकांच्या शरीरात ती जास्त कडक होतात आणि दुधातून बाळ सुस्तावू शकतं, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ ला पाजणाऱ्या आयांसाठी त्यावर इशारा दिलाय. आणि आपल्याकडे सिझरनंतर ट्रामाडॉल किती सर्रास देतात बघा. मला पहिल्या वेळी तेच दिलेलं हे आठवून अंगावर काटा आला.

आता तक्रारी. रात्रपाळीला अख्ख्या मजल्यावर एकच सिस्टर आणि एक मावशी. दुसऱ्या रात्री दोनचा डोस तीन वाजून गेल्यावर आला कारण शेजारच्या रूममध्ये इमर्जन्सी होती, मी समजू शकते, पण तेवढ्या तासाभरात दुखणं जे वर चढलं ते सकाळपर्यंत उतरलं नाही. त्यानंतर नवऱ्याने मोबाईलवर अलार्म लावला आणि स्वतःच जाऊन आठवण करायला लागला. चांगलं हॉस्पिटल असलं तरी अलार्म लावाच.

भूलतज्ञांची फी पॅकेजबाहेर. आधी सांगितलेलं नव्हतं, बिलात दिसली. मला पैसे द्यायला दुःख नाही, त्या माणसाने कमावले ते पैसे, पण आधी सांगा ना.

सगळ्यात मोठी गोची डिस्चार्जच्या कागदात. तीन दिवस एवढं काटेकोर आणि घरी जाताना एक गोळी लिहिली, पुढे पाच दिवस, आणि कंसात काय तर एसओएस! ती गोळी एसिक्लोफिनॅक (डायक्लोफिनॅकसारखंच) आणि पॅरासिटामॉल मिळून होती, हे मी पानावर बारीक अक्षर वाचलं म्हणून कळलं. घरी अंग गरम वाटलं की आई डोलो ६५० काढणारच, म्हणजे पॅरासिटामॉल डबल. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही असं इथल्याच सरांनी सांगितलेलं, मग डिस्चार्ज देणाऱ्याला हे दोन शब्द लिहायला काय होतं? आणि घरी गेल्यावर काम वाढतं, जिने असतात, मोठं पोर येऊन पोटावर उडी मारतं, दुखणं तिथे परत वाढतं. मी फोन करून विचारलं तेव्हा नीट वेळा सांगितल्या, पण प्रत्येक बाई फोन करेल का? ताप, टाक्यांतून पाणी-पू, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, पोटरी एका बाजूची सुजणं, यातलं काही झालं तर गोळी घेऊन पडून न राहता लगेच यायचं, हे पण त्यांनी फोनवरच सांगितलं. कागदावर का नाही?

सरकारी दवाखान्याबद्दल एक. माझ्या घरकामाच्या ताईचं महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये सिझर झालं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सगळं फुकट, औषधं धरून. तिला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन वेळेवर मिळत होतं म्हणे, मॉर्फिन-बिर्फिन नाही. म्हणजे पैशाचाच प्रश्न आहे असं नाही, या दोन गोळ्यांना लागतात किती पैसे.

तर तुम्हाला जिथे कुठे नाव घालायचं तिथे हे विचारा: भूलतज्ञ आधी भेटतात का, पाठीतल्या इंजेक्शनमध्ये लांब चालणारं काही घालतात का, नसेल तर ब्लॉक देतात का, आणि चार्टवर औषधाच्या वेळा लिहिलेल्या असतात का. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळला तिथे रात्र अवघड जाणार.

एक स्टार कापलाय तो डिस्चार्जच्या कागदाचा. रात्रीच्या सिस्टरचा नाही, ती बिचारी एकटी काय करेल. आणि हो, पोटाचा बेल्ट तिथल्या मेडिकलमधून घेऊ नका, मला एक साईज मोठा दिला आणि परत घेतला नाही, बाहेर निम्म्या किमतीत मिळतो. बेल्ट लावला की चालताना आधार वाटतो, पण टाक्यावर त्याची कड येत नाही ना बघून घ्या.