गॅजेटच्या मासिकाची वर्गणी भरायची? आधी चाचणीचं पान उघडा

आपल्याकडे तालुक्याच्या एसटी स्टँडवर दिवाळी अंक मिळतो, भरतीची पुस्तकं मिळतात. गॅजेटचं मासिक बहुधा टपालानेच मागवावं लागतं. म्हणजे पैसे आधी, अंक नंतर. म्हणून एखादा जुना अंक मिळवा, मॅग्झटर अ‍ॅपवर चाळला तरी चालेल. ‘टॉप टेन फोन’ची पानं सरळ उलटा. छपाई आणि टपाल होईस्तोवर त्यातले भाव बदललेले असतात. पाहायचं ते हे, की वस्तू तपासली कशी.

सगळ्यात सोपी परीक्षा पॉवर बँकेची. खोक्यावरचे १०,००० एमएएच आतल्या सेलचे असतात, ३.७ व्होल्टवर मोजलेले. म्हणजे ३७ वॅट-तास ऊर्जा. बाहेर ५ व्होल्टने द्यायचे तर ते ७,४०० एमएएच उरतात, त्यातलेही दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. हाती येतात साधारण ६,३०० ते ६,६५०. ५,००० एमएएचचा फोन त्यात दीडदाही धड भरत नाही. ज्या परीक्षणात ‘दोनदा फुल चार्ज’ असं छापलंय, तिथे मीटर लागलेलाच नाही, खोकं वाचून लिहिलंय. वर्गणी वाचली.

दुसरी गोष्ट उन्हाची. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ३५ अंश असते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तापलेला फोन आपणच प्रोसेसर मंदावतो, स्क्रीन अंधारतो, चार्जिंग थांबवतो. एसीत बसून काढलेले गुण इथे काय कामाचे, बाप्पा? चाचणीच्या खोलीचं तापमान आणि अर्धा तास गेम चालवल्यानंतरचा वेग, दोन्ही छापणारं मासिक ठेवण्यासारखं.

टीव्ही, फ्रिजच्या परीक्षणात व्होल्टेज शोधा. संध्याकाळी गावभर कूलर लागले की डीपीवर ताण येतो, लाइट मिणमिणतात. पण १०० ते २४० व्होल्टवर चालणारा टीव्ही कमी व्होल्टेज सोसून जातो. त्याला मारतो तो तुटलेला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार: मग सिंगल फेजच्या घरात ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. म्हणून स्टॅबिलायझरच्या परीक्षणात किती व्होल्टला तो लाइन तोडतो, हा आकडा हवाच. तो नसेल तर बाकी कौतुक रंगाचं आणि बटणांचं.

आता नावं. ‘डिजिट’ २००१ पासूनचं, इंग्रजी. एकेकाळी अंकासोबत सीडी, पुढे डीव्हीडी यायची; नेट महाग होतं तेव्हा अर्धं आकर्षण तेच. त्याच्या ‘फास्ट ट्रॅक’ पुस्तिका एकेका विषयावरच्या असत; रद्दीत दिसल्या तर उचला, मूलभूत भाग शिळा होत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासूनचं, दिल्लीचं. त्यात सर्किट, सुट्या भागांची यादी, पीसीबीचा (सुटे भाग बसवायच्या पाटीचा) आराखडा असतो. मोबाइल-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असेल किंवा पोरगं आयटीआयला असेल तर हेच घ्या. फोन निवडायला नको.

वस्तू कोणाच्या पैशाने आली, हेही वाचा. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून चालू आहे. ते वस्तू दुकानातून विकत घेतं, जाहिरात घेत नाही. आपल्याकडे कंपनीने पाठवलेल्या नमुन्यावर परीक्षण लिहिण्याची रीत सर्रास आहे. निदान तसं स्पष्ट छापलेलं असावं. परीक्षणासमोरच्याच पानावर त्याच फोनची जाहिरात असेल, तर गुण आपल्या मनाने एकाने कमी करा.

फोनच्या परीक्षणात शेवटी नेटवर्क. शहरातला परीक्षक ५जीचा वेग मोजतो तो बहुधा एन ७८ बँडवर, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यावर. शिवारात लांबवर पोचतो ७०० मेगाहर्ट्झचा एन २८. तो फोनमध्ये आहे का, हे न सांगणारा तक्ता अर्धवट.

वर्गणी एकाच वर्षाची भरा. तीन वर्षांच्या योजनेवर इअरफोन फुकट मिळत असेल, तर तो त्यांनी कोणत्या अंकात तपासला होता, ते आधी विचारा.