कुलपातली सोनोग्राफी आणि एक तारांकित प्रश्न : वर्षभरानंतरचा अनुभव

आमच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडीच्या मागे एक खोली आहे. दारावर 'सोनोग्राफी कक्ष' अशी पाटी, दाराला कुलूप आणि आत ऑपरेशन थिएटरातल्या हिरव्या कापडाखाली झाकून ठेवलेलं मशीन. मी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा ते तसंच होतं आणि निवृत्तीनंतरही तसंच राहिलं. आज त्या खोलीत दर मंगळवारी तपासण्या होतात. हे कसं झालं आणि आता तिथे काय मिळतं, ते लिहिते. तालुक्याचं नाव लिहीत नाही; कोकणातला डोंगरी तालुका आहे, एवढं पुरे.

आधी त्या कुलपाबद्दल. मशीन बिघडलेलं नव्हतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी केंद्राची नोंदणी लागते आणि तपासणी पात्र डॉक्टरनेच करायची असते. आमच्याकडे असा डॉक्टर नव्हता, म्हणून मशीन कुलपात. यात कायद्याला दोष देणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले. देशाचा कायदा येण्याआधी, १९८८ मध्येच महाराष्ट्राने असा कायदा केला होता आणि त्याची गरज काय होती ते मी प्रसूतिगृहात डोळ्यांनी पाहिलंय. मुलगी झाली म्हटल्यावर पडलेले चेहरे मी विसरलेले नाही. चूक कायद्याची नव्हे. मशीन पाठवलं आणि माणूस पाठवला नाही, ही चूक.

त्याची किंमत काय, ते एका बाईच्या बाबतीत कळलं. वरच्या वाडीतली, पहिलटकरीण, आठवा महिना. एकही सोनोग्राफी झालेली नव्हती, कारण जिल्ह्याचं ठिकाण ६८ किलोमीटर. खासगीत करायची तर हजार-बाराशे रुपये आणि दोघांची दिवसभराची मजुरी बुडणार. पहाटे रक्तस्राव सुरू झाला तेव्हा तिची सासू माझ्या दारात आली. वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, गर्भाशयाच्या तोंडाशी खाली होती. पाचव्या महिन्यात एकदा पडद्यावर पाहिलं असतं, तर तिला आधीपासून जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ ठेवता आलं असतं. १०८ आली, बाई वाचली, बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिलं. आज दोघंही बरी आहेत. पण त्या अकरा दिवसांत मी तीनदा त्या बंद दारापुढे जाऊन उभी राहिले.

आम्ही चौघींनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत. विचारलं एवढंच : मशीन कधी आलं आणि मागच्या वर्षी त्यावर किती तपासण्या झाल्या? गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे त्या कायद्यानुसार 'एफ' फॉर्म भरावाच लागतो, म्हणजे आकडा लपवायला जागाच नाही. उत्तर आलं : निरंक. ते एका ओळीचं पत्र घेऊन आम्ही आमदारांच्या तालुक्यातल्या कार्यालयात गेलो.

आमदारांचा पक्ष इथे सांगत नाही, कारण या कामात त्याचा संबंध आला नाही. त्यांच्या स्वीय सहाय्यकांनी पहिला मसुदा केला तो असा : 'ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीची सुविधा नसल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?' मी म्हटलं, "भाऊ, याला 'हे खरे नाही' असं उत्तर येईल. मशीन आहे ना तिथे." ते हसले, पण आमदार हसले नाहीत. म्हणाले, "ताई, प्रश्न असाच जाऊ दे. तुमचं पत्र मी उपप्रश्नासाठी ठेवतो." तेव्हा मला त्यातलं मर्म कळलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विधानसभेत २८८ सदस्य. कामकाज सहसा प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. तारांकितची यादी लांबलचक असते, तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं कागदावरच राहतात. म्हणजे आपला प्रश्न यादीत कितवा लागला, यावर पुष्कळ अवलंबून. आमचा वर लागला. ते नशीब, दुसरं काही नाही.

पावसाळी अधिवेशनाला मी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेले, डोंबिवलीला बहिणीकडे उतरले आणि सकाळी नरिमन पॉइंटला विधान भवनात. गॅलरीचा पास आमदारांकडून मिळाला होता, मोबाइल खालीच जमा. हातात छापील यादी. 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' आणि खाली आमच्या रुग्णालयाचं नाव. एकतीस वर्षं ज्या इमारतीत मी केसपेपर हाताळले, तिचं नाव त्या कागदावर पाहून छाती भरून आली, हे लपवत नाही.

छापील उत्तर मी म्हटलं होतं तेच. '(१) हे खरे नाही.' पुढे, सोनोग्राफी यंत्र उपलब्ध आहे. '(३) प्रश्न उद्भवत नाही.' ही प्रश्नोत्तरं ज्यांनी वाचलीत त्यांना हे शब्द पाठ असतील : 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. एकेक शब्द बरोबर, आणि वाडीतल्या बाईला त्यातून काही म्हणजे काही मिळत नाही.

मग आमदार उठले. भाषण नाही, आरडाओरडा नाही. "अध्यक्ष महोदय, यंत्र उपलब्ध आहे हे मंत्रिमहोदयांनी सांगितलं. या यंत्रावर मागच्या वर्षभरात किती तपासण्या झाल्या, एवढाच माझा प्रश्न आहे." अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी पुढे गेली. मंत्र्यांनी ती वाचली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, नोंदीनुसार एकही नाही. आणि लगेच, तीन महिन्यांत डॉक्टरची व्यवस्था करू, असं सांगितलं. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. सभागृहात असं सांगितलं की ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. म्हणून ते शब्द कामकाजात जाणं महत्त्वाचं.

माझं मत स्पष्ट आहे. तारांकित प्रश्न हे चांगलं हत्यार आहे, पण त्याला मोजता येणारी धार लागते. 'गैरसोय होते', 'दुरवस्था झाली आहे', 'नागरिकांत संताप आहे' असे प्रश्न यादीत ढीगभर असतात, आणि त्यांना तशीच उत्तरं मिळतात. 'किती', 'कोणत्या तारखेपासून', 'कोणाच्या नावे' असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला नोंदवही उघडावीच लागते. लक्षवेधी सूचनेचा गाजावाजा जास्त होतो आणि तातडीच्या गोष्टीसाठी ती ठीकच आहे. रिक्त पदांची नुसती यादी हवी असेल, तर अतारांकित पुरे. पण कागदावरचं उत्तर आणि खोलीतलं वास्तव यात फट असेल, तर उपप्रश्नाला पर्याय नाही. आमदाराला तो आकडा पुरवणं हे आपलं काम. त्याला २८८ जणांच्या गर्दीत आपली खोली दिसायची कशी?

तीन महिन्यांत झालं नाही. पाच लागले. बाहेरचा रेडिओलॉजिस्ट मानधनावर ठरवणं, केंद्राची नोंदणी, तारखा, या सगळ्यात दिवाळी गेली. दर पंधरा दिवसांनी मी आमदारांच्या कार्यालयात त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत घेऊन जात होते. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी कुलूप निघालं.

आता तिथली सेवा कशी आहे? डॉक्टरीणबाई उत्तम. गरोदर बाईशी मान वर करून बोलतात, पडद्यावर बाळाचे ठोके दाखवतात, रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते मराठीत समजावतात. पैसे लागत नाहीत. गरोदर बाईची तपासणी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेच, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. खोली स्वच्छ असते आणि पडदा नवा आहे.

उणिवाही सांगते. डॉक्टरीणबाई एकाच दिवशी येतात आणि नंबर सकाळी दहाला लावतात. खालच्या गावांना ते जमतं, पण वरच्या वाड्यांची एसटी सव्वाअकराला पोचते. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या बायकांचा नंबर नेहमी शेवटी. निम्मे नंबर वाड्यांसाठी राखून ठेवा, असं मी वैद्यकीय अधीक्षकांना दोनदा लेखी दिलं, अजून काही झालेलं नाही. बसायला बाकडी कमी. पोटात पाणी भरून ठेवायला सांगतात आणि जवळचं स्वच्छतागृह बंद असतं, यासारखा छळ नाही. गरोदर बायका तास-तास मांड्या आवळून बसलेल्या मी पाहते. साधी कडी दुरुस्त करायला मंत्री लागू नये.

आणि खाडे. मी वहीत मंगळवार मांडते. डिसेंबरपासून २९ मंगळवार झाले, त्यातले २४ भरले. पाच वेळा बायका डोंगर उतरून आल्या आणि परत गेल्या, आधी कळवलं कोणीच नाही. यातले तीन खाडे मे महिन्यातले आहेत. सेवेला मी पाचपैकी साडेतीन देईन. डॉक्टरीणबाईंना एकटीला विचाराल, तर पाच. वहीच्या त्या पानाची प्रत आमदारांकडे पोचवली आहे. या वेळचा प्रश्न अतारांकित चालेल, म्हणून सांगितलंय, फक्त त्यात पाचही तारखा टाका.

वरच्या वाडीतली ती पहिलटकरीण पुन्हा गरोदर आहे. मागच्या मंगळवारी मी तिच्याबरोबर होते. विसावा आठवडा. वार वर आहे. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं तेव्हा तिच्या सासूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

जाणाऱ्यांसाठी : माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्या, 'एफ' फॉर्मसाठी ओळखपत्र लागतं. पाचव्या महिन्यातली तपासणी चुकवू नका, अठरा ते वीस आठवड्यांत करून घ्या. मंगळवार जमत नसेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरांना भेटून पुढचा मंगळवार ठरवून घ्या. निघण्याआधी आपल्या आशाताईंना फोन करून डॉक्टर येणार आहेत का ते विचारा. आणि वरच्या वाड्यांवरून येत असाल, तर रात्री खाली कोणाकडे तरी मुक्काम करा. कोणी नसेल, तर माझं घर रुग्णालयाच्या मागच्या पाणंदीत आहे, आशाताईंना ठाऊक आहे.