‘नमुन्याला नेतो’ म्हणून नेलेली नळाची जोडी

जुन्या नळाचा सुटा भाग ‘माप जुळवायला नेतो’ म्हणून कोणी मागितला, तर कृपा करून देऊ नका. माझ्या आत्याला याच एका वाक्याने फसवलं. तिच्यासारखी एकटी राहणारी म्हातारी माणसं जुन्या इमारतींत पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आत्या शिवाजी पार्कला १९३०च्या दशकातल्या इमारतीत राहते. न्हाणीघरात बिडाचा, आतून एनॅमल दिलेला टब आहे आणि त्यावर पितळी विलायती नळांची जोडी होती. निकेलचा मुलामा, चार आऱ्यांच्या मुठी आणि मुठीच्या मधोमध चिनी मातीच्या चकत्या. एकीवर ‘हॉट’, दुसरीवर ‘कोल्ड’. त्यातला गरम पाण्याचा नळ ठिबकायला लागला होता. बिघाड एवढाच होता.

जवळच्या एका दुकानातून प्लंबर आला. त्याने मुठींसकट दोन्ही नळांचे वरचे भाग खोलले आणि सांगितलं, “मावशी, आतली सीट फुटलीय. हा माल आता कुठं भेटत नाय, लंडनवरून मागवायला लागेल. जोडी घेऊन जातो, म्हणजे माप चुकणार नाय.” (सीट म्हणजे नळाच्या पोटातली कड. तिच्यावर वायसर दाबून बसला की पाणी थांबतं.) आगाऊ ६,००० रुपये मोबाइलवरून घेतले, उघड्या तोंडांना प्लग मारले आणि तो गेला. ठिबकणारा नळ एक, पण नेले दोन्ही.

पुढची अडवणूक इथेच सुरू झाली. आत्याकडे अख्ख्या न्हाणीघराला एकच कॉक आहे, जुन्या इमारतींत असं बऱ्याचदा असतं. प्लग गळत होते, म्हणून कॉक बंद ठेवावा लागला आणि गीझरही बंद झाला. ऐंशीच्या घरातली बाई स्वयंपाकघरातून बादल्या वाहत होती. दुकानात फोन केला की “माल कस्टममध्ये अडकलाय” एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी खोक्यातून ‘ओरिजिनल’ जोडी आली आणि आणखी ११,००० रुपये मागितले गेले. आत्याने ते दिले. पाण्यावाचून अडलेलं माणूस घासाघीस करत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. जुनी जोडी मागितली, तर म्हणाला, “सॅम्पल कंपनीला गेलं, ते परत येत नाय.”

नवी मूठ पहिल्या दिवसापासून डुगडुगत होती आणि थोड्याच काळात तिच्यावरच्या क्रोमला फोड आले. मी ती नागदेवी भागातल्या एका जुन्या लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी कडेला कानस फिरवली. आतून पांढुरकी, करडी धातू निघाली. पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं. हे जस्ताचं ओतकाम होतं. लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर पितळ, असं पुष्कळजण सांगतात. त्यावर विसंबू नका, कारण चुंबक जस्तालाही चिकटत नाही. वजन जास्त खरं बोलतं. तेवढ्याच आकाराचा जस्ताचा तुकडा पितळेपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने हलका भरतो. काकांनी आणखी एक खूण दाखवली. ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरं मुलाम्यावरून कोरलेली होती. खऱ्या जुन्या नळावर ठसा आधी बसतो आणि मुलामा त्यावर चढतो, म्हणून अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात.

मग ते घरी आले, टॉर्च लावून नळाच्या पोटात बघितलं आणि मला बोलावून दाखवलं. सीट फुटलेली नव्हतीच. तिच्या कडेवर फक्त एक बारीक चर पडली होती. वायसर झिजला की फटीतून पाण्याची धार सतत एकाच जागी जाते आणि पितळ हळूहळू कापत राहते. अशा वेळी नुसता वायसर बदलून ठिबकणं थांबत नाही, आधी सीट सपाट करावी लागते. त्यासाठी हाताने फिरवायचा सीट कटर असतो, काम थोड्या वेळाचं असतं आणि वायसर काही रुपयांत मिळतो. पाणी नळाच्या तोंडातून ठिबकत असेल तर दोष वायसरचा किंवा सीटचा, आणि मुठीखालून पाझरत असेल तर ग्लँडच्या, म्हणजे मुठीखालच्या दांडीभोवती पाणी अडवायला गुंडाळलेल्या, दोरीचा. दोन्ही ठिकाणी लंडनचा काही संबंध येत नाही.

‘माप मिळत नाही’ हेही निम्मंच खरं आहे. टबाच्या या नळाचे आटे पाऊण इंची ब्रिटिश पाईपचे होते, इंचाला १४. आपल्याकडे आजही तेच माप चालतं. दुर्मीळ असतं ते स्पिंडलचं, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांडीचं, वरचं टोक, जिथे मूठ बसते. त्याचा आकार प्रत्येक कारखान्याचा वेगळा असायचा. म्हणूनच मूळ तुकडा घरात राहायला हवा. तो हाताशी असेल तर चांगला लेथवाला पितळेच्या सळीतून तसाच दुसरा काढून देतो. आमच्याकडे तो उरलाच नव्हता. काकांनी नळाच्या पोटातल्या आट्यांवरून माप घेऊन नवे स्पिंडल घडवले आणि त्यांवर साध्या मुठी बसवल्या. आता थेंबही पडत नाही, पण ती जोडी गेली ती गेलीच.

अशा पितळी जोड्यांना चोर बाजारात आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गिऱ्हाईक असतं. जुनी घरं सजवणारे लोक त्या शोधत फिरतात. तेव्हा भंगार म्हणूनही कोणाला देऊ नका. नमुना दाखवायचाच असेल तर स्वतः घेऊन जा, दुकानात समोर माप घ्यायला लावा आणि तुकडा परत घरी आणा. जाणं शक्य नसेल तर शेजारच्या मुलाकडून व्हर्नियरने माप घेऊन फोटो पाठवा. वस्तू द्यावीच लागली तर तिचं वर्णन लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्या. आणि प्लंबर जाण्याआधी कॉक उघडून प्लग गळत नाहीत ना, हे त्याच्यासमोरच बघा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, तिथेही अर्ज तयार आहे. पोलिसांकडे अर्ज देताना वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम तर लावायला सांगितलंच, शिवाय विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटल्याबद्दल ३१६ही. पैसे मोबाइलवरून दिल्याचा पुरावा उपयोगी पडतो आहे. रोख दिले असते तर हातात काहीच नसतं.

‘हॉट’च्या चकतीचा डावीकडचा कपचा उडालेला आहे आणि त्याच मुठीच्या एका आऱ्यावर पान्याचे जुने दात उमटलेले आहेत. अशी जोडी कोणी विकायला आणली, तर घेण्याआधी ती कुठून आली ते जरूर विचारा.