ट्रायल मारताना पूर दिसत नाही

कोल्हापुरात सेकंड हँड टुरिंग बाईक, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटारसायकल, बघणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो. गाडी किती पळाली हे विचारायच्या आधी, जुलै 2021 मध्ये ती कुठं उभी होती ते विचारा. गाडी त्याहून जुनी असेल तर ऑगस्ट 2019 मध्येही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. त्या दोन्ही वर्षी पाणी याच्या कितीतरी वर गेलं आणि पार्किंगमधल्या गाड्या जागच्या जागी बुडाल्या. पुढं त्या धुतल्या, पुसल्या, आणि त्यातल्या काही आजही हातोहात विकल्या जातायत. त्यातलीच एक माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात मारली.

माझ्याकडं रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 आहे. आम्ही राहतो कळंब्याकडं, तिथं पुराचं पाणी येत नाही, त्यामुळं माझ्या गाडीनं पूर पाहिलेला नाही. भावालाही तीच गाडी हवी होती, म्हणजे स्पेअर, पॅनियर (बाजूला लावायच्या पेट्या), टूलकिट सगळं एकमेकांना चाललं असतं. एका एजंटाकडं 2020 ची बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांतली) मिळाली. "भावा, डॉक्टरांची गाडी हाय, रविवारची रविवार काढायचे. हात लावून बघा," म्हणाला.

ट्रायलला माझी गाडीही नेली. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या फाट्यापुढं केर्लीपर्यंत आम्ही गाड्या अदलाबदल करत गेलो. खरं सांगायचं तर एजंटाची गाडी माझ्या गाडीपेक्षा सरस वाटली. माझं हँडल मध्यावर किंचित अडकतं, कोन सेट (हँडलच्या मानेतली बेअरिंगं) घासलाय. त्या गाडीचं सरळ फिरत होतं. क्लच हलका, चेनचा आवाज नाही, ब्रेक बोट लावताच पकडणारा. 411 चं इंजिन साधं, एअर-ऑइल कूल्ड, 32 न्यूटन मीटर टॉर्क असल्यानं चौथ्या गिअरमध्ये हळू नेली तरी ओढते, तशी तीही ओढत होती. आज कळतं की हाताला, पायाला आणि कानाला जे जे लागतं नेमकं तेच एजंटानं नवं टाकलं होतं: क्लच केबल, ग्रिप, ब्रेक पॅड, चेन किट, कोन सेट, बॅटरी. ट्रायलमध्ये माणूस एवढंच तपासतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

व्यवहार एक लाख तीस हजाराला ठरला. निम्मे ऑनलाइन, निम्मे रोख. रोख त्याच्या आग्रहानं.

पावसाळा लागला आणि गगनबावड्याच्या वाटेवर कळ्याजवळ गाडी बंद पडली. आधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, मग मिसफायर, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं, मग काहीच नाही. छोट्या हत्तीत घालून उद्यमनगरात आणली. तिथल्या मिस्त्री मामांनी आधी इंजिनला हातच लावला नाही. "तुमची गाडी हिच्या शेजारी लावा," म्हणाले, आणि दोन्हींचे हेडलाइट खोलले. माझ्या गाडीत मागं कोरडी धूळ, फुंकर मारली की उडणारी. भावाच्या गाडीत तांबूस, बारीक गाळ, आटलेल्या तळ्याच्या तळासारखा भेगा पडून बसलेला. मामांनी कपलर (वायरी जोडायचा प्लग) ओढून सोडवला तर आतल्या पिना हिरव्या. "दादा, ही पुरातली हाय. हिचं वायरिंग आतनं खाल्लंय."

हे समजून घ्या, कारण फसवणूक इथंच लपते. गढूळ पाणी वायरच्या टोकातून इन्सुलेशनच्या आत शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांच्या मधून पुढं सरकतं. वरून वायर नवी दिसते, आत तांबं गंजत जातं. ज्या पिनांना बॅटरीचा करंट कायम असतो त्या आणखी लवकर सडतात. रेझिस्टन्स वाढतो आणि सेन्सरला पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. नवी बॅटरी टाकली की काही महिने हे सगळं झाकून जातं. चाकांची आणि मागच्या लिंकेजची (सस्पेन्शनच्या सांध्याची) बेअरिंगं तशीच; ग्रीस धुऊन जातं, पण वाजायला वेळ लागतो.

आरसीवरून जुन्या मालकांपर्यंत पोचलो. गृहस्थ सज्जन. दोन दिवस गाडी तळघरात पाण्याखाली होती हे त्यांनी लगेच सांगितलं. एजंटालाही तेव्हाच सांगून पडेल भावात दिली होती, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून. म्हणजे कागदोपत्री गाडी थेट त्यांच्याकडून भावाकडं आली. एजंट कुठंच नाही. जाब विचारायला गेलो तर त्याचं उत्तर ठरलेलं: "माझं नाव कुठं हाय त्यात?"

हीच पळवाट बंद करायला 1 एप्रिल 2023 पासून नियम आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून नमुना 29 ब मधलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद नमुना 29 क नं करावी लागते. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथून निघा, गाडी कितीही आवडली तरी. मूळ मालकाशी समोरासमोर किंवा निदान फोनवर बोलल्याशिवाय, "मालक गावाला गेलेत" हे ऐकून, इसार देऊ नका. रोख तर नकोच.

आणि ट्रायलला तुमची किंवा मित्राची त्याच मॉडेलची गाडी न्या, पण फक्त पळवून बघू नका. दोन्हींची सीट काढा, फोम दाबून वास घ्या. फ्यूज बॉक्स उघडा. स्पोकच्या निपलांचा गंज आणि टाकीखालची वायरिंगची टेप ताडून बघा. हेडलाइट खोलू देत नसेल तर उत्तर तिथंच मिळालं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा असं कुणाचं झालं असेल तर गप्प बसू नका. ऑनलाइन दिलेल्या निम्म्या रकमेवर एजंटाचं नाव आहे, तोच आमचा मोठा पुरावा. जुन्या मालकांनी लेखी जबाब द्यायचं कबूल केलंय. कोल्हापुरात कुणी 411 बघत असेल आणि शेजारी उभी करायला गाडी हवी असेल तर सांगा, रविवारी सकाळी मी माझी घेऊन येतो.