पावसाच्या तोंडावर घेतलेली दुर्बीण

एप्रिल लागल्यापासून पुन्हा तशीच जाहिरात फिरते आहे. ‘पाच इंची दुर्बीण, परवलयी (पॅराबोलिक) आरसा, पाऊस सुरू व्हायच्या आत द्यायची आहे.’ गेल्या वर्षी मे महिन्यात जवळपास याच शब्दांवर विश्वास ठेवून मी २८,००० रुपये घालवले. म्हणून घाईघाईने लिहिते आहे. कुणी आज-उद्या पैसे द्यायला निघालं असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

आमचं घर गोव्यात, वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यात. अंगणात दिवा विझवला की मार्चपासून दक्षिणेला माडांच्या शेंड्यांवर त्रिशंकू दिसतो, मुलगा तो बोटाने दाखवतो. मी स्वतः शाळेत असताना पणजीच्या जुंता हाऊसवरच्या वेधशाळेतून शनी पाहिला होता. ते कडं अजून डोळ्यांपुढे आहे, आणि मुलाने ते आपल्याच अंगणातून बघावं असं फार वाटायचं. गेल्या वर्षी काजू बरा झाला. सासऱ्यांनी बिया विकून आलेल्या पैशांतले काही माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “पोराची दुर्बीण घे.” ते पैसे कसले होते हे कळावं म्हणून सांगितलं.

आमचा आकाश पाहणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. संध्याकाळ झाली की सुरू होतं: काणकोणात वीज चमकतेय, पेडण्यात लख्ख आहे, डिचोलीत ढग, कोणी बाहेर काढलीय का? मी त्यात बहुतेक वाचणारीच. दुर्बीण हवी आहे असं एकदाच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा खासगी निरोप आला. दोन दिवस गोड बोलून झाल्यावर त्याने सांगितलं, “ताई, ग्रुपवर टाकू नका. दुसरं गिऱ्हाईक बसलंय, पण तुमच्या मुलासाठी म्हणून मी थांबवून ठेवलंय.” मी टाकलं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

पर्वरीला त्याच्या फ्लॅटवर दुपारी चार वाजता गेलो. काळी नळी, नव्याने रंगवलेली. त्यावर कंपनीचं नाव, आकडे, काहीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, गंज धरू नये म्हणून स्वतः रंग दिला. मग टेप काढून नळीच्या तोंडावर आडवा धरला. पाच इंचांच्या वर चार सूत भरले. “बघा, कड सोडली तर आरसा पाच इंची, १३० मिलिमीटर.” मला पटलं. नळीचं तोंड आणि तळाचा आरसा यांची मापं वेगळी असतात हे डोक्यातच आलं नाही. आरसा पाहायचा तर नळीत टॉर्च मारून आत डोकवावं लागतं, ते त्याने होऊ दिलं नाही. धूळ जाईल म्हणाला.

बाल्कनीतून त्याने मोबाइलचा टॉवर दाखवला. चित्र सरळ, स्वच्छ, बोल्ट मोजता येत होते. मुलगा खूश. आता कळतं की ते चित्र सरळ दिसत होतं, कारण २० मिलिमीटरच्या नेत्रिकेतच, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातच, प्रतिमा सरळ करणारी काचांची जोडणी होती. आरशाच्या दुर्बिणीत चित्र एरवी उलटं दिसतं, आणि तारे बघताना त्याने काही अडत नाही. ५० पटीत, भर उजेडात, टॉवर कशातूनही चांगला दिसतो. रात्री थांबून एखादा तारा बघू का, असं मी विचारलं. “आज ढग येणार, ताई.” मे महिना होता, ढग खरंच होते.

दहा हजार रोख दिले, बाकीचे फोनवरून. पावती मागितली नाही.

त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला. आमच्याकडे ‘मिरग लागला’ म्हणतात तेव्हा सूर्यच मृगात असतो, त्यामुळे आकाशातला मृग दिसत नाही. आणि पुढचे चार महिने तर ढगांमुळे काहीच दिसत नाही. मी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, दर पंधरा दिवसांनी बदलल्या. चवथ गेली, दसरा गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस आकाश थोडं उघडलं तेव्हा पहिल्यांदा शनीवर लावली. एक लांबट पिवळा ठिपका. कितीही फिरवलं तरी कडं वेगळं होईना. त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, या वर्षी शनीची कडी आपल्याकडे कडेने वळलीत, पातळच दिसणार.” हे खरं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, आणि नोव्हेंबरमध्येही कडी एका रेघेसारखी होती. खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने मला आणखी दीड महिना गप्प बसवलं.

डिसेंबरच्या १३ तारखेला, शनिवारी, मिथुनेचा उल्कावर्षाव होता. ग्रुपमधले सात-आठ जण आमच्या अंगणात आले. डिचोलीच्या काकांनी त्यांची सहा इंची आणली होती. तिची फोकल लांबी, म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर, नळीही तेवढीच, जवळजवळ चार फुटांची. रात्री अकराला गुरू पुनर्वसूच्या जवळ वर आला होता. त्यांच्यातून पाहिला: दोन पट्टे स्पष्ट, चंद्र टाचणीच्या टोकाएवढे. मग माझ्यातून. लोण्याचा गोळा वितळल्यासारखा गुरू, आणि चंद्रांना शेपट्या. मुलगा काही बोलला नाही. मला तेच जास्त लागलं.

काकांनी टॉर्च मागितली, नळीत पाहिलं आणि पट्टी लावली. आरसा ११४ मिलिमीटर. मग विचारलं, “बाय, फोकल लांबी किती सांगितली?” एक हजार. “मग नळी अर्ध्याच मीटरची कशी?” त्यांनी फोकसरची, म्हणजे नेत्रिका मागेपुढे करायची, नळी काढली. तिच्या आतल्या टोकाला एक भिंग बसवलेलं होतं. आरसा सगळे किरण एका जागी आणणारा परवलयी नव्हताच; गोलीय, आखूड फोकल लांबीचा. भिंगाने ती लांबी दुप्पट केलेली. ही रचना मुळात वाईट नाही, पण भिंग आरशाला जुळवून घासलेलं नसेल तर कडेचे आणि मधले किरण एका जागी येत नाहीत. तारा बिंदू होतच नाही. वर त्याने ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तीन पटीची बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) देऊन ‘७५० पट’ म्हटलं होतं. ११४ मिलिमीटरच्या आरशातून सव्वादोनशे पटीच्या पुढे फक्त पुसटपणा वाढतो. नुसती ४ची नेत्रिकाच २५० पट करते.

आणि मडगावहून आलेला एक मुलगा तिपाईच्या पायाकडे बघत राहिला. एका पायाला ॲल्युमिनियमची पट्टी रिबीट मारून बसवली होती. “ही मी ओळखतो. दोन वर्षांपूर्वी मला नऊ हजारांना दाखवली होती, मी सोडली.” तेव्हा तिच्यावर नाव होतं, आकडे होते. ग्रुपवर एक फोटो टाकला असता तर मे महिन्यातच हे कळलं असतं.

नंतर त्या माणसाने एकदाच फोन उचलला. आरशाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे, हे मी सांगितल्यावर म्हणाला, “ती तुमच्या घरी लागली, पावसात.” नाही म्हणून सिद्ध कसं करणार? म्हणूनच तो पावसाच्या तोंडावर विकतो. त्याचे सगळे निरोप त्याने पुसून टाकले होते, माझ्याकडे स्क्रीनशॉट नव्हते. आता नंबर बंद आहे.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी आत्ता घ्या, आकाश मोकळं आहे तोवर, आणि रात्रीच बघा. नऊनंतर पूर्वेला स्वाती चांगला वर असतो. दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या. स्वाती मध्यभागी आणा, फोकस थोडा आत न्या, मग तेवढाच बाहेर. दोन्हीकडे गोल, एकात एक कडी दिसली पाहिजेत, आणि दोन्हीकडची बहुतेक सारखी. मध्ये आणल्यावर तारा बारीक बिंदू व्हायला हवा. नळीत टॉर्च मारून आरशाला पट्टी लावा, फोकसरमध्ये भिंग आहे का बघा, नळीची लांबी फोकल लांबीशी जुळते का बघा. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या, आणि फोटो ग्रुपवर टाका. सत्तरीत कुणी घेत असेल तर मी सोबत येईन, रात्री कितीही वाजता. पट्टी आणि टॉर्च मी आणेन.